डिझेलच्या रिकाम्या जागेवर: सीमाभागातील हायब्रिड मोटारींची पार्श्वभूमी

सीमाभागातील खेड्यांत ‘हायब्रिड’ हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधी ज्वारीने आणला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले, आणि पुढे घराघरांत गावठी जोंधळ्याच्या पोत्याशेजारी हायब्रिडचे पोते येऊन बसले. पीक भरघोस, पण भाकरीला जुनी चव नाही, असा शेरा त्या शब्दाला तेव्हाच चिकटला. आज बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीचा गिऱ्हाईक शोरूममध्ये पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात: ही चार्ज करावी लागते का, आणि अ‍ॅव्हरेज किती देते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले की त्याचा चेहरा मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने ही रोजच्या सवयीची पेट्रोल गाडीच आहे, फक्त तिला पेट्रोल कमी लागते. माझ्या मते तिच्या आकर्षणाचे मूळ येथेच आहे. डिझेल मोटारीने सोडलेली जागा चालकाला एकही नवी सवय न लावता भरून काढणारी गाडी तिच्या रूपाने या भागाला मिळाली आहे.

मुळात ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. व्हिएन्नातील लोनर या बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्यात फर्डिनंड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास ‘सेंपर व्हायवस’ नावाची गाडी तयार केली. तिच्यातील पेट्रोल इंजिने चाके फिरवीत नसत. ती जनित्र फिरवीत, आणि त्या विजेवर चाकांत बसवलेल्या मोटरी चालत. खानापूर-लोंढ्याकडच्या माणसाला हे तत्त्व परके वाटू नये. कॅसलरॉकचा घाट वर्षानुवर्षे चढत आलेल्या डिझेल रेल्वे इंजिनांतही डिझेल जाळून वीज होते आणि चाके विजेच्या मोटरी फिरवतात. फरक इतकाच की तेथे ऊर्जा साठवणारी बॅटरी नसते. पोर्शे यांची गाडी मात्र वजनाने जड आणि किमतीने महाग होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ मध्ये विजेच्या स्टार्टरने हँडल मारण्याचा त्रासही संपवला, आणि दोन शक्तींची गाडी अडगळीत पडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हिक्टर वूक यांनी ब्यूइक गाडीवर तसा प्रयोग पुन्हा करून पाहिला, पण तोही प्रयोगापुरताच राहिला.

ती अडगळीतून बाहेर काढली जपानने. १९९३ मध्ये टोयोटाने एकविसाव्या शतकासाठी मोटार घडवण्याचे काम हाती घेतले आणि त्याची धुरा ताकेशी उचियामादा यांच्याकडे दिली. इंजिन आणि मोटर यांची जोडणी करणे हा अर्धाच भाग होता. दर क्षणाला कोणी किती जोर लावायचा हे चालकाच्या नकळत ठरवणारे नियंत्रण हा खरा अवघड भाग होता, आणि ते काम संगणक स्वस्त होईपर्यंत कोणालाच साधण्यासारखे नव्हते. डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस जपानच्या बाजारात आली आणि दोन वर्षांनी होंडाची इनसाइट तिच्या मागोमाग आली.

त्याच १९९७ मध्ये कर्नाटकात बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. बेळगावच्या वाचकासाठी या नावाशी एक धागा जोडलेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेथूनच ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी बिडदीच्या कारखान्यात भागीदारी केली. २०१३ मध्ये तेथे तयार झालेली कॅमरी ही भारतात बनलेली पहिली स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर निव्वळ विजेवरही चालू शकणारी मोटार. कंपनीच्या नावात आपल्या मातीतले नाव दिसते याचा येथील मराठी माणसाला वाटणारा आपलेपणा कोणत्याही जाहिरातीपेक्षा जुना आहे.

परंतु २०१३ मध्ये सीमाभागाला हायब्रिडची गरजच नव्हती, कारण त्याच्याकडे डिझेल होते. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले होते, तर डिझेल ४१ च्या आसपास होते. डिझेल इंजिन मुळात कमी पिते आणि वर इंधन बत्तीस रुपयांनी स्वस्त, म्हटल्यावर देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या असाव्यात यात नवल नव्हते. चोर्ल्याहून गोवा, आंबोलीवरून सावंतवाडी, तवंदी घाट उतरून निपाणी आणि पुढे कोल्हापूर, असा ज्यांचा पायरव त्यांना चढाला दम असलेले डिझेल इंजिनच हवे होते. वडापच्या, म्हणजे सीटवारी प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सारा व्यवहार त्याच इंजिनावर चालत असे. दोन राज्यांचे विक्रीकर वेगवेगळे असल्यामुळे टाकी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे भरावी की पलीकडे, हा हिशेबही येथील चालकाच्या अंगवळणी पडलेला आहे. इंधनाच्या रुपया-दोन रुपयांकडे इतक्या बारकाईने पाहणारा ग्राहक शहरांतही क्वचितच सापडेल.

डिझेलची ही सद्दी दोन टप्प्यांत संपली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली दरी आटत गेली. नंतर १ एप्रिल २०२० पासून धुराची मर्यादा ठरवणारी बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलचा धूर त्या मर्यादेत बसवण्यासाठी लागणारी यंत्रणा लहान मोटारीला परवडेना, आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. बेळगावच्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या स्विफ्ट-डिझायर डिझेलला थेट वारस उरला नाही.

मधल्या काळात हायब्रिड शब्दाचे बरेच नुकसान झाले होते. विजेच्या आणि हायब्रिड वाहनांसाठी एप्रिल २०१५ पासून आलेल्या ‘फेम’ योजनेत अनुदान मिळू लागले, तेव्हा सियाझ आणि अर्टिगा यांच्यावर ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पाटी आली. त्या गाड्यांतील छोटी मोटर इंजिनाला हातभार लावी आणि सिग्नलला बंद झालेले इंजिन चालू करी. निव्वळ विजेवर ती गाडी हलवू शकत नसे. २०१७ मध्ये अशा सौम्य हायब्रिडचे अनुदान थांबले. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिड मोटारींवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्क्यांचा भार पडला, तर विजेच्या मोटारींना १२ आणि २०१९ पासून ५ टक्केच कर राहिला. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला चैनीच्या वस्तूच्या रांगेत बसवणारी ही आकारणी मला तेव्हाही पटली नव्हती.

तरीही २०२२ मध्ये चित्र पालटले. मे महिन्यात होंडाची सिटी हायब्रिड आली, सप्टेंबरमध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा, आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा दोन्ही बिडदीत बनू लागल्या आणि त्यांचे कागदावरचे अ‍ॅव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर होते. रस्त्यावर ते तितके मिळत नाही, पण गर्दीच्या गावात इतर कोणत्याही पेट्रोल मोटारीपेक्षा ठळकपणे जास्त मिळते.

असे का होते, हे टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर पाहावे. गेट पडले की येथील माणूस पूर्वीपासून हाताने चावी फिरवून इंजिन बंद करतो. उन्हाळ्यात एसीसाठी ते चालू ठेवावे तर पेट्रोल जळते म्हणून जीव तुटतो. हायब्रिडमध्ये इंजिन आपोआप थांबते आणि एसी बॅटरीवर चालू राहतो. गेट उघडल्यावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकू लागते, आणि पहिले काही मीटर गाडी आवाज न करता विजेवरच जाते. इंजिन सर्वाधिक पेट्रोल वाया घालवते ते याच रखडण्यात, आणि नेमके हेच काम मोटर आपल्याकडे घेते. ब्रेक लावल्यावर चाकांचा जोर उष्णतेत न घालवता ती पुन्हा विजेत बदलते आणि लागेल तेव्हा इंजिनही बॅटरी भरते, म्हणून बाहेरून चार्ज करण्याची गरज पडत नाही.

घाटात मात्र या गाडीची मर्यादाही दिसते, आणि विक्रेते तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. माणसांसह दीड टनाची गाडी चोर्ला घाटात सुमारे ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा गणिताने जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. हायरायडर-ग्रँड व्हिटारासारख्या गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटाची. घर्षणात आणि वाऱ्यात बरीच ऊर्जा जात असली, तरी अर्धा घाट संपण्याआधी बॅटरी भरते, मग गाडी वेग आवरण्यासाठी इंजिन रिकामे फिरवू लागते आणि त्याचा आवाज ऐकून नवखा चालक दचकतो. तो बिघाड नव्हे. चढावर आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या एकसारख्या वेगात फायदा कमी होतो; तेथे जुन्या डिझेलची सर हिला येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

खानापूरहून रोज बेळगावला कामाला येणाऱ्याचा हिशेब धरू. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस, म्हणजे १५ हजार किलोमीटर. साधी ऑटोमॅटिक गाडी लिटरला १४ देत असेल आणि हायब्रिड २२, तर सुमारे ३९० लिटर वाचते. लिटर १०० रुपयांचे धरल्यास वर्षाला ३९ हजार. पण कर्नाटकात १० ते २० लाखांच्या मोटारीवरील आजीवन कर १७ टक्के असल्याने १८ लाखांच्या गाडीवर तीन लाखांहून अधिक रक्कम आरटीओत भरावी लागते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा सीमाभागातील खरेदीदारांना तो आकडा विशेष जाणवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतील उपकर गेला आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के कर आला. तितक्याच लांबीच्या साध्या पेट्रोल मोटारीलाही तोच दर आहे, त्यामुळे हायब्रिडला वेगळी सवलत अशी मिळालेली नाही.

या भागात मोटार एका मालकाकडे संपत नाही. बेळगावात चार-पाच वर्षे चाललेली गाडी खानापूर किंवा चंदगडला दुसऱ्या हाती जाते आणि तेथे आणखी दहा वर्षे राबते. हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. २०२२ च्या पहिल्या गाड्यांची ती मुदत २०३० मध्ये पुरी होईल, आणि जुन्या बाजारातला गिऱ्हाईक तेव्हा बॉनेट उघडण्याआधी बॅटरीची चौकशी करील.