लोकरी पांघरूण (कोकण किनारा)

कोकणच्या सौम्य पण दमट थंडीत अंगावर घ्यायचे, झोपाळ्यावर किंवा आरामखुर्चीत बसल्यावर पायांवर टाकायचे हलके लोकरी वस्त्र. बाजारात याला ‘थ्रो’ म्हणतात. आकार साधारण १३० × १७० सेंमी., म्हणजे ब्लँकेटपेक्षा लहान आणि शालीपेक्षा जाड.

लोकर ही कोकणची उपज नव्हे. इथला पाऊस मेंढीला मानवत नाही, ओल्या जमिनीत तिचे खूर कुजतात. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात, खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाळ्यापूर्वी परत वर जातात. घोंगडीही घाटावरूनच आली. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी कोकणात थंडीपेक्षा पावसातच जास्त वापरली गेली. लावणीच्या दिवसांत तिची खोळ करून डोक्यावरून घेत. कातडीला मात्र ती टोचते, कारण सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला रुतू लागतो.

महाग तंतूंचे सारे कौतुक या बारीकपणाचे आहे. लडाखच्या चांगथांगी शेळीची पश्मिना साधारण १२ ते १६ मायक्रॉन असते. उन्हाळ्याच्या तोंडाला शेळीच्या अंगावरची आतली लव विंचरून ती काढतात. कश्मीर पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेरिनो मेंढीची बारीक लोकर १९ मायक्रॉनच्या आसपास आणि पुष्कळ स्वस्त. पेरूकडचा अल्पाका उबदार, पण कोकणाला जरा जडच. मोहेर अंगोरा शेळीचे आणि ‘अंगोरा’ सशाचे, ही गफलत दुकानदारही करतात. शहतूश मात्र घेऊच नये: ती चिरू या तिबेटी हरणाला मारूनच मिळते आणि भारतात तिच्या व्यापारावर बंदी आहे.

रत्नागिरी-मालवणात जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा १८ अंशांच्या आसपास रेंगाळतो. दापोलीचे पठार आणि सह्याद्रीच्या पायथ्याची गावे त्याहून गार. तेव्हा दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम वजनाचे विणकाम पुरते. त्याहून जड पांघरूण दोन रात्री अंगावर आणि बाकी वर्ष कपाटात राहते. रोजच्या वापराला बारीक मेरिनो घ्यावी. पश्मिना देखणी खरी, पण नाजूक, आणि खाऱ्या दमट हवेत तिची निगा राखायला घरात कुणाला तरी सवड हवी.

लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. किनाऱ्यावर ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्यापेक्षा ती सुखद वाटते ती यामुळे. ॲक्रिलिकचे एक रूप ‘कॅशमिलॉन’ या नावाने घरोघरी पोचले आहे. नावात कॅशमीअरचा, म्हणजे शेळीच्या बारीक लवेचा भास, अंगात शेळीचा एक केसही नाही. अंगठीतून शाल ओढून दाखवणे हाही खऱ्या पश्मिन्याचा पुरावा नव्हे, लाकडाच्या लगद्यापासून केलेले बारीक व्हिस्कोजही तसेच निघते. कडेचा एखादा धागा जाळून पाहावा. लोकर केस जळल्याचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोजला जळक्या कागदाचा वास येतो.

थंडीपेक्षा इथे पावसाळ्याचे चार महिने लोकरीला जड जातात. बुरशी आणि कसर दोन्ही घामट, डागाळलेल्या लोकरीवर आधी बसतात, म्हणून न धुता ठेवणे हीच मोठी चूक. सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावे आणि पिळू नये, कारण चोळले, पिळले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कापड आटते. मे महिन्यात दोनतीन तास ऊन दाखवून, झटकून, पूर्ण वाळल्यावर जुन्या सुती लुगड्यात गुंडाळावे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवावे. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. ऑक्टोबरच्या उन्हात पेटी उघडली की आधी घड्यांच्या आतल्या बाजू पाहाव्यात. कसर तिथेच लागलेली असते.