बिटकॉइन : भावातला सट्टा आणि व्यवहार शुल्क

बिटकॉइनचा व्यवहार नेटवर्कवर नोंदवून घेण्यासाठी पाठवणारा मायनरला, म्हणजे आपल्या संगणकांवर व्यवहारांची नोंद करणाऱ्याला, जी रक्कम देतो, तिला व्यवहार शुल्क म्हणतात. बँकेसारखे याचे ठरलेले दरपत्रक नसते. प्रत्येक जण आपली बोली लावतो आणि ज्याची बोली चढी, त्याचा व्यवहार आधी नोंदला जातो. भावावर सट्टा खेळणाऱ्यांची झुंबड उडाली की बोली भराभर चढते आणि सगळ्यात जास्त फटका थोडी रक्कम पाठवणाऱ्याला बसतो.

याचे कारण शुल्काच्या हिशेबातच आहे. शुल्क रकमेवर ठरत नाही. व्यवहाराची नोंद ब्लॉकमध्ये, म्हणजे एकदम नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, किती जागा घेते, त्यावर ठरते. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक तयार होतो आणि त्याच्या आकाराला मर्यादा आहे. ती मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट हा नेटवर्कच्या नियमांतला बदल लागू झाल्यावर थोडी सैल झाली, एवढेच. जागा आभासी बाइटमध्ये मोजतात आणि दर सातोशीत सांगतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. साधा व्यवहार सुमारे १४० आभासी बाइटचा असतो, म्हणजे बाइटला १० सातोशी दर असेल तर शुल्क १,४०० सातोशी, मग पाठवलेली रक्कम वीस डॉलर असो की वीस लाख.

नवख्या माणसाला हमखास अडचणीत आणणारी गोष्ट म्हणजे वॉलेटमधली चिल्लर. वॉलेटमध्ये एकच शिल्लक दिसत असली तरी आतमध्ये प्रत्येक जमा रक्कम वेगळी राहते आणि खर्च करताना तिची वेगळी नोंद करावी लागते. समजा, कोणी चाळीस वेळा थोडे थोडे बिटकॉइन घेऊन साठवले. ते सगळे एकदम पाठवायचे तर व्यवहार सुमारे २,८०० आभासी बाइटचा होतो. गर्दीच्या दिवशी दर ३०० सातोशी आणि बिटकॉइनचा भाव ६०,००० डॉलर असला, तर शुल्कच ५०० डॉलरच्या घरात जाते. साठवलेली रक्कम त्याहून कमी असेल तर ती असून नसल्यासारखी. म्हणून मेमपूल, म्हणजे नोंदणीची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची रांग, रोडावली असताना अशी चिल्लर एकत्र करून ठेवणे शहाणपणाचे.

तेजीत शुल्क दोन्ही बाजूंनी वाढते. गर्दीमुळे सातोशीतला दर चढतो आणि खुद्द सातोशीही महाग झालेला असतो. भाव दुप्पट आणि दर दहापट झाला, तर डॉलरमधले शुल्क वीसपट होते. डिसेंबर २०१७ मध्ये भाव २०,००० डॉलरला टेकला, त्याच महिन्यात शिकागोच्या बाजारात बिटकॉइनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, सुरू झाले आणि सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले. त्याआधीच, ६ डिसेंबरला, स्टीम या व्हिडिओ गेमच्या दुकानाने बिटकॉइन घेणे थांबवले होते. कारणे दोन दिली : भावातली उलथापालथ आणि २० डॉलरच्या आसपास गेलेले शुल्क. ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. पैसे पोचेपर्यंत भाव बदलला की फरकाची रक्कम मागावी किंवा परत करावी लागे आणि त्या प्रत्येक देवघेवीला पुन्हा शुल्क पडे. पैसे म्हणून बिटकॉइन वापरू पाहणाऱ्याची वाट सट्टा कशी अडवतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मात्र गर्दी नेहमी भावामुळेच होते असे नाही. २० एप्रिल २०२४ रोजी हाल्विंग झाले, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमागे मायनरला मिळणारे नवे बिटकॉइन ६.२५ वरून ३.१२५ वर आले. त्याच ८,४०,००० व्या ब्लॉकपासून रून्स ही बिटकॉइनच्याच नेटवर्कवर टोकन, म्हणजे वेगळी डिजिटल नाणी, बनवण्याची पद्धत सुरू झाली. ती टोकने सर्वांत आधी पटकावण्यासाठी इतकी चढाओढ झाली की त्या एका ब्लॉकचे शुल्कच ३७ बिटकॉइनहून जास्त भरले. सट्टा इथेही होता, फक्त बिटकॉइनवरचा नव्हता.

उलट, भावावरचा बराचसा सट्टा आता नेटवर्कला शिवतही नाही. एक्सचेंजवरची, म्हणजे बिटकॉइनच्या ऑनलाइन बाजारातली, खरेदी-विक्री एक्सचेंजच्या स्वतःच्या खातेवहीत होते. नाणे बाहेर काढतानाच नेटवर्कचे शुल्क लागते. वायद्यांत अनेकदा नाणे हलतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत हजर बिटकॉइनवर आधारलेल्या ईटीएफना, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडांना, मंजुरी मिळाल्यावर ब्रोकरच्या खात्यातूनच भावावर पैसे लावता येऊ लागले. २०२५ मध्ये भाव एक लाख डॉलरच्या वर असतानाही मेमपूल अनेकदा जवळजवळ रिकामा होता आणि बाइटमागे एक-दोन सातोशीत काम भागत होते.

पाठवणाऱ्याला हे सोयीचे, मायनरला नाही. त्याचे नव्या नाण्यांचे उत्पन्न सुमारे चार वर्षांनी निम्मे होत जाते आणि २१४० च्या सुमारास थांबेल. त्यानंतर नेटवर्कची राखण करण्याचा मोबदला त्याला फक्त शुल्कातूनच मिळायचा आहे.