मेलं की सगळं जातं? मुळीच नाही!

फोंड्यात आमच्या पोरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: 'डार्क सोल्स' या व्हिडिओ गेममध्ये मेलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कितीतरी जण हातच लावत नाहीत, याचं वाईट वाटतं.

२०११ चा पहिला भाग घ्या. मेल्यावर जातात ते जवळचे सोल्स (शत्रू मारून मिळणारं, खरेदीला आणि लेव्हल वाढवायला लागणारं चलन) आणि ह्युमॅनिटी (अशीच गोळा करायची दुसरी चीज). तेही त्याच जागी चमकत पडून राहतात. न मरता तिथे पोचलात की परत तुमचे. वाटेत मेलात तर मात्र गेले. शस्त्रं, लेव्हल, उघडलेले शॉर्टकट, मारलेला बॉस, सगळं शाबूत.

परवा भाचा गार्गॉइल या बॉसकडून पुन्हा मेला, कंट्रोलर घामाने ओला. म्हटलं, "बाबू, तलवार आहे ना?"

"आसा!" म्हणत तो परत निघाला.

२०१४ च्या दुसऱ्या भागात दर मरणागणिक हेल्थची पट्टी आखडते, पण 'ह्यूमन एफिजी' नावाची वस्तू वापरली की पूर्ववत होते.