शेपटी पाण्याला घाबरत नाही

साबणाचं रसायन शिकवायला इंदूरसारखं गाव नाही. इथे एकाच गल्लीत तीन तऱ्हांचं पाणी मिळतं. रविवारी माझ्याकडे येणाऱ्या दहावीच्या पोरांना मी घरून बाटल्या भरून आणायला सांगतो. कुणी नळाचं आणतं, म्हणजे १९७८ पासून ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढून येणारं नर्मदेचं. कुणी बोरिंगचं, कुणी आर.ओ.चं. प्रत्येक बाटलीत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकायचा आणि दहा वेळा खळखळून हलवायचं.

आर.ओ.ची बाटली फेसाने गळ्यापर्यंत भरते. बोरिंगच्या बाटलीत नासलेल्या दुधासारखा साका. "सर, याला तर झागच नाही!" (इंदुरी मराठीत फेसाला झाग म्हणतात. मी दुरुस्त करणं कधीच सोडलं.) माळव्याच्या बेसाल्टमधून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. साबणाचे रेणू (एका टोकाला विद्युतभाराचं डोकं, मागे लांब शेपटी) त्यांना चिकटले की विरघळेनासे होतात. डिटर्जंटच्या डोक्याशी सल्फेट किंवा सल्फोनेट असतो, त्याचा असा साका होत नाही, म्हणून त्याच पाण्यात तो फेसाळतो.

इथवर पाठ्यपुस्तकाशी माझं जमतं. भांडण आहे ते मिसेलच्या, म्हणजे पाण्यात जमलेल्या साबणाच्या रेणूंच्या पुंजक्याच्या, चित्राशी. एक गोल, बाहेर डोकी, आत शेपट्या, आणि पोरांच्या तोंडी ठरलेलं वाक्य: शेपटी पाण्याला घाबरते. शेपटी म्हणजे कार्बनची साखळी, स्टिअरेट साबणात १७ कार्बनची. तिला कसली आलीय भीती? तिच्यात आणि पाण्यात उलट थोडं आकर्षणच असतं. हट्ट पाण्याचा आहे.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, आठवा. राजवाड्यापुढे माणसाला माणूस चिकटलेला, जो तो कुणाचा तरी हात धरून नाचतोय आणि क्षणाक्षणाला जोडीदार बदलतोय. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी असेच नाचत असतात. आता या गर्दीत हात खिशात घालून एक गृहस्थ (म्हणजे आपली शेपटी) उभे राहिले. त्यांच्या शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूला धरायला हातच नाही. आपले बाकीचे हात सुटू नयेत म्हणून ते गृहस्थांभोवती कडं करून, जरा आखडूनच नाचतात. असे ६० गृहस्थ विखुरलेले असतील तर ६० कडी. तेच एका घोळक्यात आले तर एकच कडं पुरतं आणि बाकीचे नाचायला मोकळे. गृहस्थांना कुणी ढकललेलं नाही, त्यांचं एकमेकांवर प्रेमही नाही. या मोकळीकीचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. शेपट्या जमल्या की त्यांची एन्ट्रॉपी कमी होते, पण सुटलेल्या पाण्याची त्याहून जास्त वाढते, आणि नेहमीच्या तापमानाला मिसेल जुळतं ते मुख्यतः या हिशेबावर. डोक्यांवर विद्युतभार असतो, त्यांना पाणी सोडवत नाही, म्हणून ती बाहेरच राहतात.

इथे अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो. मला दिसतं, पण मी थांबत नाही, कारण पुढे आकडे आहेत. सोडियम लॉरिल सल्फेट हा डिटर्जंट घ्या. लिटरभर पाण्यात सुमारे २.३ ग्रॅम होईपर्यंत मिसेल जवळजवळ बनतच नाहीत. त्यापुढे टाकलेला माल बहुतेक सगळा मिसेलांत जातो आणि पृष्ठताण फारसा आणखी उतरत नाही. एका मिसेलात साधारण ६० रेणू, व्यास ४ नॅनोमीटरच्या आसपास. आणि चित्रातला तो नीटनेटका गोल? रेणू मायक्रोसेकंदांत आतबाहेर करत असतात, अख्खं मिसेलही फार टिकत नाही, विस्कटतं आणि पुन्हा जुळतं. कपड्यावरचं तेल पोटात घेणारी ही टोपली सतत उसवत असते.

या सगळ्यात फेसाचं काम फारसं नाही. वॉशिंग मशीनच्या पावडरीत तो मुद्दाम कमी ठेवतात. 'केमिकल-फ्री' साबणाच्या जाहिरातीवर तर काय बोलावं! तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्याशिवाय वडी थापून दाखवा म्हणावं. रिठ्यातलं सॅपोनिन हेही रसायनच, आणि त्यालाही पाणी आवडणारं टोक आणि न आवडणारं टोक आहे. (बघा, 'न आवडणारं' माझ्याही तोंडून निघालंच.)

गेल्या खेपेला एकाच्या रुमालावर पोह्यांचा पिवळा डाग होता. ओला साबण घासला तर डाग लालभडक. "सर, ते बाबा लोक असंच रक्त काढतात ना?" एका मुलीने विचारलं. असंच. हळदीच्या पाण्यात चुना कालवला की झालं रक्त. साबण अल्कधर्मी, चुनाही अल्कधर्मी, आणि हळदीतलं करक्युमिन अल्कात लाल होतं. रुमाल भरपूर पाण्यात खळबळला तसा डाग पुन्हा पिवळा झाला, पण निघाला मात्र नाही. मग डिटर्जंट लावून पाहिला, तरी पिवळी झाक राहिलीच. शेवटी गच्चीवर वाळत घातला. करक्युमिन उजेडात तुटतं. वर्ग सुटेपर्यंत झाक बरीच फिकट झाली होती.