लोहचुंबकाला चिकटलं नाही, म्हणून ग्रीक नाणं अस्सल?
“लोहचुंबकाला चिकटलं नाही की नाणं अस्सल चांदीचं,” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चांदी चिकटत नाही हे खरंच; पण तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही. म्हणजे या चाचणीत पकडली जाते ती फक्त लोखंडासारख्या चिकटणाऱ्या धातूची नक्कल.

पुण्याच्या जुन्या बाजारात घ्या किंवा लिलावात, आधी वजन बघा. प्राचीन अथेन्सचं, घुबडाचं चित्र असलेलं चार द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे तेव्हाचं ग्रीक चलन) नाणं साधारण १७.२ ग्रॅमचं, सराफाच्या काट्यावर १४ भरलं तर शंका घ्याच. मग भिंगातून कड न्याहाळा. ही नाणी ठोकून पाडलेली, त्यामुळे कडेला चिरा असू शकतात. पण कडेभर सलग सांधा किंवा बुडबुड्यांचे खळगे दिसले तर बहुधा ओतीव नक्कल. वजन जुळलं तरी निर्धास्त होऊ नका, चांदीच्याही नकला निघतात. आधीच्या मालकांची नोंद आहे का, हे मी तरी फोटोच्याही आधी वाचतो.