बोटीचं हेड, गाडीचं हेड

‘बोटीच्या इंजिनाचं सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) गंज न धरणाऱ्या खास धातूचं असतं, गाडीचं चालत नाही,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. खारं पाणी पाहिलं की हे पटतंच. पण अमेरिकेतल्या जुन्या बोटींमधलं शेवरोलेचं ३५० व्ही-८ (आठ सिलिंडरांचं) इंजिन घ्या: मूळ इंजिन गाडीचंच, हेडही त्याच बिडाचं, आणि तेही गंजतंच. समुद्रासाठी वेगळं लागतं ते हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी.

मग कुठलंही हेड चालेल? नाही. व्हॉल्व्ह कव्हर काढा, आतला कास्टिंग नंबर (हेडवर ओतलेला क्रमांक) जुळवा. हेडमधला चेंबर (इंधन जळायची पोकळी) ७६ सीसीऐवजी ६४ सीसीचा बसवला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावरचा दाब, वाढतं. इनटेकचे (हवा आत नेणाऱ्या भागाचे) बोल्टही मोजा: जुन्या हेडना एकूण १२, १९९६पासूनच्या व्होर्टेक या नव्या प्रकारच्या हेडना ८. इथेच बहुतेकांची खरेदी फसते.