भिक्खूंचे आजारपण व विनय

बौद्ध भिक्खू आजारी पडला तर त्याने काय घ्यावे, ते किती दिवस जवळ ठेवावे आणि त्याची सेवा कोणी करावी, यासंबंधीचे विनयपिटकातील (संघाच्या शिस्तीच्या ग्रंथातील) नियम. औषधांचे नियम त्यातल्या ‘महावग्गा’च्या भेसज्जक्खंधकात, म्हणजे औषधांच्या प्रकरणात, आहेत. रुग्णसेवेचे नियम मात्र चीवरांच्या, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांच्या, प्रकरणात येतात, कारण मृत भिक्खूचे पात्र-चीवर शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, हे तिथेच ठरले.

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची आणि १६ ऑक्टोबरची चांद्याची (आजचे चंद्रपूर) दीक्षा झाल्यावर विदर्भात गावोगाव विहार उभे राहिले. (पवनीचे स्तूप आणि भद्रावतीची विजासन लेणी पाहिली तर भिक्खू या मुलखाला नवे नव्हते.) खेड्यातल्या बहुतेक विहारांत भिक्खू कायम राहत नाही. वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामात) भन्तेजी आले की त्यांच्या पथ्यपाण्याची जबाबदारी उपासक-उपासिकांवर येते, आणि हे नियम माहीत असावे लागतात.

मूळ प्रसंग श्रावस्तीचा. शरद ऋतूतल्या तापाने भिक्खूंच्या पोटात पेज ठरेना. ते पिवळे पडले, अंगावर शिरा दिसू लागल्या. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ या पाच गोष्टी औषध म्हणून वेळी-अवेळी, म्हणजे माध्यान्हानंतरही, घ्यायची मुभा मिळाली. पुढे राजगृहात पिलिंदवच्छ या भिक्खूंच्या भोवतीच्या भिक्खूंकडे या वस्तूंचा एवढा साठा झाला की मडकी पाझरू लागली, उंदीर माजले आणि लोक म्हणू लागले, हे श्रमण की बिंबिसार राजाचे कोठार! म्हणून सात दिवसांची मर्यादा आली. आठव्या दिवशी उरलेले तेल-तूप संघापुढे सोडावे लागते. ते दिव्यात घालता येते, पोटात नाही. हळद, आले, हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी यांना अशी मुदत नाही, पण ती आजाराच्या कारणानेच घ्यायची. आजच्या गोळ्याही याच वर्गात धरतात.

तेलांच्या यादीत तीळ, मोहरी, एरंड यांच्यासोबत मधुकाचे, म्हणजे मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेलही आहे. मोहफुलांचा रस मात्र नावानिशी वगळला आहे. का, हे झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) कोणाला समजावून सांगायला नको: मोहफुलांची दारू होते.

औषधांपेक्षा सेवेचा नियम अधिक कडक आहे, आणि खरे वजन त्यालाच आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू बुद्धांना दिसला. माझा कोणाला उपयोग नाही, म्हणून कोणी बघत नाही, असे तो म्हणाला. बुद्धांनी पाणी ओतले, त्यांचे शिष्य आनंद यांनी अंग धुतले. एकाने डोके, दुसऱ्याने पाय धरून त्याला खाटेवर ठेवले. तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही; एकमेकांना तुम्ही पाहिले नाही तर कोण पाहील, असे मग बुद्धांनी संघाला सुनावले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असेही म्हणाले. उपाध्याय, आचार्य, शिष्य यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघ बांधील. टाळाटाळ केली तर दुक्कट नावाचा हलका दोष लागतो.

कुष्ठ, गंड (गळवे), किलास (त्वचारोग), क्षय आणि अपस्मार असलेल्याला प्रव्रज्या (संघात प्रवेश) न देण्याचा नियम आज खटकतो. जीवक वैद्याचे उपचार मिळावेत म्हणून लोक चीवर घेऊ लागले आणि बरे होताच सोडू लागले, अशी त्याची कारणकथा आहे. आधीच भिक्खू असलेल्याला मात्र आजारपणामुळे संघाबाहेर काढता येत नाही.

निरोगी भिक्खूने तूप-दूध मागून घेणे दोषास्पद. आजाऱ्याने मागितले तर दोष नाही. वर्षावासात तीन महिने मुक्काम सोडायचा नसतो, तरी आजारी सहकाऱ्यासाठी किंवा आई-वडिलांसाठी सात दिवसांपर्यंत जाता येते. योग्य औषध गावात मिळतच नसेल तर भिक्खूने निघून जावे: भन्तेजींना तालुक्याच्या दवाखान्यात हलवले तर त्यांचा वर्षावास तुटतो, पण दोष लागत नाही.